गस्त कुणाची, पहारा कुणावर?

सोसायटीवाल्यांच्या मिटिंगा तुम्ही पाहिल्या नसतील, पण ऐकल्या नक्की असतील. कारण आपल्यातल्या कुणाची तरी आई, कुणाची तरी बहीण तिथं भांडी घासते आणि संध्याकाळी घरी येऊन सांगते. विषय ठरलेला : परिसरातल्या नागरिकांनी एकजुटीनं गुन्हेगारीला आळा घालावा. इन्स्पेक्टरसाहेब प्रमुख पाहुणे. चहा, वेफर्स. मग ठराव. कामवाल्या बायांचे फोटो आणि आधारकार्डं चौकीत द्या. भंगारवाल्याला गेटच्या आत घेऊ नका. मागच्या झोपडपट्टीकडं उघडणारं फाटक कायमचं बंद करा. कॅमेरा त्या बाजूला फिरवा.

मागची झोपडपट्टी म्हणजे आपण. शेजारी शेजाऱ्याला भेटला, दोघांनी हात मिळवले आणि पहिलं काम काय केलं, तर आपल्याला संशयित ठरवलं. चोरी व्हायच्या आधीच पंचनामा तयार.

आणि त्या गेटवर बारा-बारा तास उभा कोण? तोही आपल्यातलाच. गावाकडं जमिनीचा तुकडा नसलेला, दहावी-बारावीला अडकलेला, ठेकेदारानं दिलेल्या ढगळ युनिफॉर्ममधला. तो रात्रभर त्यांच्या गाड्या राखतो, आणि तो ड्युटीवर असताना त्याच्या स्वतःच्या खोलीचा पत्रा उचकटून कुणीतरी गॅसचा सिलेंडर घेऊन जातं. त्या सिलेंडरची साधी एनसीसुद्धा कुणी लिहून घेत नाही.

हे काम आपल्याला नवीन नाही, दोस्तहो. गावगाड्यात महाराच्या गळ्यात जी कामं बांधली होती त्यात वेशीवरचा रात्रीचा पहारा होता. वेसकर म्हणायचे त्याला. वेस लागली की गाव आत घोरायचं आणि गावाचा राखणदार वेशीबाहेर काठी आपटत बसायचा. चोरी झाली की चोराचा माग त्यानं काढायचा, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं त्यानं पळायचं, आणि ह्या सगळ्याच्या बदल्यात दारोदार जाऊन शिळी भाकर गोळा करायची. वरून वतनाचा तुकडा, म्हणजे पळूनही जाता येऊ नये म्हणून घातलेली बेडी. १८७४ च्या वतन कायद्यानं इंग्रजांनी ही बेडी कागदावर पक्की केली. ती तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं. वतन खऱ्या अर्थानं संपवणारा कायदा झाला तो १९५८ साली, बाबासाहेब जाऊन दोन वर्षं झाल्यावर.

ह्याच व्यवस्थेनं एकाच्या हातात राखणीची काठी दिली तर दुसऱ्याच्या कपाळावर चोराचा शिक्का मारला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पारधी, कैकाडी आणि अशा कितीतरी जमाती, पोरगं पोटात असतानाच गुन्हेगार. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारांच्या कुंपणाआड रोजची हजेरी. १९५२ ला तारा तुटल्या. १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि तोच शिक्का नव्या शाईनं मारणं सुरू झालं. जातीप्रमाणं कैद्यांना काम वाटून देणारे तुरुंगांचे नियम सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवले ते केव्हा, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये. तोवर तुरुंगातसुद्धा संडास कुणी साफ करायचा हे मनूच ठरवत होता. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के आहेत. देशाच्या तुरुंगांत हे प्रमाण वर्षानुवर्षं २० टक्क्यांच्या आसपास. पोलिसाला सगळ्यात आधी कुणाचा दरवाजा आठवतो, हे त्यात आलं.

म्हणून आपल्यातले काही शहाणे म्हणतात, गुन्हेगारी रोखणं हे आपलं कामच नाही. तो प्रस्थापितांचा अजेंडा. गुन्हा ही व्यवस्थेची पैदास, व्यवस्था उलथली की गुन्हा आपोआप संपेल. बरं. मग तोपर्यंत?

तोपर्यंत नळावरून पाणी घेऊन येणाऱ्या पोरीच्या अंगाला हात घालतो तो कुठल्या वर्गाचा प्रतिनिधी आहे, हे तिला समजावून सांगा जाऊन. सफाई कामगाराच्या पगाराच्या दिवशी गल्लीच्या तोंडाला त्याला आडवा होणारा, विधवेच्या खोलीवर कब्जा करणारा, शाळेच्या भिंतीमागं पोरांना बटणाच्या गोळ्या आणि एमडी विकणारा. हे लुटतात कुणाला? मलबार हिलला? त्यांची मजल तिथवर जात नाही. तिथं वॉचमन आहे. ते लुटतात आपल्याला, कारण आपल्याला लुटलं तर कुणी विचारत नाही. २००४ ला विक्रोळीत विषारी दारूनं माणसं मेली, २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त मेली. सगळे हातावर पोट असणारे. ती दारू आकाशातून पडली नव्हती. कुठल्या गल्लीत विकली जाते, कोण विकतं, हप्ता कुठल्या वाराला जातो, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक असणं आणि तोंड उघडणं ह्यात मात्र मोठं अंतर आहे, आणि त्या अंतरावरच हे सगळे धंदे उभे आहेत.

ते अंतर किती महाग पडतं हे बघायचं असेल तर नागपूरला चला.

उत्तर नागपुरातली कस्तुरबानगर वस्ती. बहुतेक घरं आपलीच. तिथं अक्कू यादव नावाच्या गुंडानं दहा वर्षांहून जास्त काळ राज्य केलं. खून, खंडणी, बलात्कार. घरात घुसायचं, नवऱ्याला बांधून बायकोवर, बापासमोर पोरीवर. कितीतरी वेळा पकडला गेला, तितक्याच वेळा सुटून आला. वस्तीतल्या लोकांचं म्हणणं असं की तक्रार करायला गेलं तर तक्रार राहायची बाजूला, तक्रार करणाऱ्याचं नाव तेवढं संध्याकाळपर्यंत अक्कूला कळायचं. ठाणं त्याच्या खिशात होतं.

पण नुसतं ठाणं खिशात असून भागत नाही. त्याची पद्धत बघा. तो एका वेळी एकाच घरावर जायचा. त्या घरातून किंकाळी आली की शेजारचं दार लागायचं, त्याच्या शेजारचं लागायचं, गल्लीभर कड्या लागायच्या. चाकू त्याच्याकडं एक होता. बंद दारं शेकडो होती. प्रत्येक जण मनात म्हणायचा, आज माझ्या घरी नाही आला, सुटलो. आणि असं म्हणत म्हणत दहा वर्षं गेली.

२००४ च्या ऑगस्टमध्ये तो एका शिकलेल्या पोरीच्या दारात टोळी घेऊन आला. ती घाबरली असेलच, कोण घाबरणार नाही? पण तिनं गॅसचा सिलेंडर उघडला आणि काडी पेटवायची धमकी दिली. आत आलात तर तुम्ही आणि मी सगळेच जाऊ. टोळी मागं हटली. आणि पहिल्यांदा शेजारची दारं उघडली. दगड पडायला लागले. मग अक्कूचं घर लोकांनी फोडलं, आणि तो पळाला कुठं, तर पोलिसांच्याच आसऱ्याला. तारीख १३ ऑगस्ट २००४. जामिनावर सुटणार म्हणून बातमी पसरली, तेव्हा वस्तीतल्या बाया मिरचीची पूड आणि घरातल्या सुऱ्या घेऊन नागपूरच्या कोर्टात गेल्या आणि भर कोर्टात त्याचा निकाल लावून आल्या. अटका झाल्या तेव्हा वस्ती म्हणाली, सगळ्यांनाच घ्या आत. खटला चालत राहिला. २०१४ मध्ये पुराव्याअभावी सगळे निर्दोष सुटले.

ह्या प्रकरणावर आपल्यातल्या बऱ्याच कवींनी मुठी आवळल्या. रणरागिणी, चंडिका वगैरे. चंडिका काय म्हणून? देवी करून टाकलं की पुढचं काही विचारायला नको. त्या बाया धुणंभांडी करणाऱ्या, मजुरी करणाऱ्या बाया होत्या. न्यायाचा एकूण एक दरवाजा त्यांच्या तोंडावर आपटला गेला होता. मी त्यांना दोष द्यायला बसलेलो नाही, ज्यांनी दहा वर्षं जामीन वाटले त्यांना आधी विचारा. पण माझा सवाल त्या पंधरा-वीस मिनिटांबद्दल नाही, आधीच्या दहा वर्षांबद्दल आहे. जी वस्ती १३ ऑगस्टला एक झाली ती पहिल्या किंकाळीला एक झाली असती तर? पहिल्याच रात्री दहा बायांनी दहा दारं उघडून नुसते लाईट लावले असते, तांब्या-पातेली बडवली असती, सकाळी शंभर जण ठाण्यात जाऊन बसले असते, तर किती पोरी वाचल्या असत्या? आणि सुरी हातात घ्यायची वेळ आली असती का? कारण सुरीची किंमतही शेवटी वस्तीनंच मोजली. कोर्टाच्या तारखा, बुडालेली मजुरी, पोरांची सुटलेली शाळा.

आणि जमावाचा हात एकदा उठला की तो कुणावर पडेल हे जमावालाही माहीत नसतं. धुळे जिल्ह्यातला राईनपाडा, १ जुलै २०१८. मोबाईलवर अफवा : पोरं पळवणारी टोळी फिरतेय. गाव एकदम जागरूक. आठवड्याच्या बाजारादिवशी भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. भटका दिसला, म्हणजे चोर. १८७१ चा शिक्का लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही हे त्या खोलीत दिसलं. पालघरचं गडचिंचले, १६ एप्रिल २०२०. लॉकडाऊन, पुन्हा चोरांची अफवा, गावाचा रात्रीचा पहारा, गाडी अडवली, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर ठार. पोलीस समोर उभे. टीव्हीवाल्यांनी ताबडतोब त्याला धर्माचा रंग फासला तो भाग वेगळा. मुद्दा असा की दोन्हीकडं मारणारे म्हणत होते, आम्ही गुन्हेगारी रोखतोय. शेजारी एक झाले होते. भीती खोटी होती आणि काठी खरी होती.

तेव्हा आपल्या वस्तीत गस्त घालायची तर पहिला नियम हाच. हात उचलायचा नाही. पकडलेल्या पोराला खांबाला बांधून व्हिडिओ काढणाऱ्या आणि स्टेटसला लावणाऱ्या भडव्यांना गस्तीत घ्यायचंच नाही. खांबाला बांधलेला उद्या तुमचाच भाऊ असतो.

पोलिसांच्या कमिट्यांचं काय, असं काही जण विचारतील. १९७० आणि १९८४ साली दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे ह्या पोलीस अधिकाऱ्यानं १९८८ पासून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. बड्या पुढाऱ्यांना बाजूला ठेवून गल्लीतल्या साध्या माणसांना एकत्र बसवलं. डिसेंबर ९२, जानेवारी ९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. ह्याची नोंद घ्यायलाच हवी, खाकी म्हटल्यावर आपण कान बंद करतो ती सवय बरी नाही. नंतर पुण्यात आणि मुंबईत झोपडपट्ट्यांमध्ये पोलीस पंचायती निघाल्या, दहा जणांच्या, त्यात सात बाया आणि तीन पुरुष. दारुड्या नवऱ्याचं, नळाच्या भांडणाचं तिथंच बसून मिटवायचं. हीही चांगली गोष्ट. सात बाया हे तर फारच चांगलं. आपल्या चळवळीच्या किती कार्यकारिण्यांत सात बाया आहेत, मोजा.

पण ह्या कमिट्या साहेबाबरोबर येतात आणि साहेबाबरोबर जातात. बदली झाली की नवा साहेब म्हणतो, हे कुठलं नवीन लफडं? मग उरतं फक्त ओळखपत्र. 'पोलीस मित्र' असं छापलेलं कार्ड खिशात घालून फिरणारा एक पंटर. तो वस्तीतल्या भानगडी मिटवण्याचे पैसे घेतो आणि वस्तीची खबर चौकीला पुरवतो. वेसकरच तो, फक्त काठीच्या जागी कार्ड. आणि वेळ आली की ती खबर कशासाठी वापरतात? परभणी आठवा. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली, दुसऱ्या दिवशी बंद झाला, आणि मग पोलीस आपल्या वस्त्यांत शिरले. घराघरातून माणसं ओढून काढली. वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला कोठडीत मेला. गुन्हा नोंदवून घ्या एवढं सांगायला त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावं लागलं. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला राज्य राखीव दलाच्या गोळ्यांनी दहा माणसं मारली, ती पण आपल्याच दारात, सकाळी सकाळी. आणि त्याच्याही आधी, १९७४ च्या जानेवारीत, वरळीच्या चाळींपासून पेटलेल्या दंगलीत भागवत जाधव गेला. आपल्या वस्तीच्या सुरक्षेचा विचार करताना हे सोडून चालणार नाही. आपल्याला रात्री दोन भीती असतात, एक गल्लीतल्या भाईची आणि दुसरी गल्लीत शिरणाऱ्या गाडीची. गस्तीनं दोन्हींवर नजर ठेवायची. एकावर नजर ठेवून दुसऱ्याला सलाम ठोकणारी गस्त आपल्या कामाची नाही.

मग करायचं काय? फार भव्यदिव्य काही नाही. सुरुवात संडासापासून करा. हसू नका. रात्री सार्वजनिक संडासाला जाणाऱ्या बाईला विचारा तिला भीती कुठं वाटते. ती जागा बोटानं दाखवील : इथला बल्ब गेलाय, इथं कडी नाही, ह्या वळणावर पोरं पत्ते खेळत बसतात. कुठल्या इन्स्पेक्टरकडं नसलेला नकाशा तिच्या डोक्यात तयार आहे. वॉर्ड ऑफिसमध्ये पन्नास बाया घेऊन जा आणि तो बल्ब लावून घेतल्याशिवाय उठू नका. दहा पोरांच्या गस्तीपेक्षा कधी कधी एक बल्ब जास्त काम करतो.

दुसरं, एक वही करा. तारीख, वेळ, काय झालं, कुणी पाहिलं, कुठल्या चौकीत गेलो, कुणी हाकललं, त्याच्या छातीवरचं नाव काय. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली बजावलंय. जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या कायद्यानं त्यात एक पळवाट ठेवलीय. तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात वरच्याची परवानगी काढून चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. म्हणून चौदा दिवस मोजायला वही हवी. नाहीच घेतला गुन्हा तर लेखी तक्रार वरच्या अधिकाऱ्याकडं, तिथूनही नाही तर मॅजिस्ट्रेटकडं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची. एकटीनं जायचं नाही. बलात्काराची, मारहाणीची तक्रार घेऊन एकटी बाई गेली तर तिला बाकड्यावर बसवून ठेवतात. वीस जणी गेल्या तर खुर्च्या येतात.

तिसरं, पोलिसांनी वस्तीतलं पोरगं उचललं तर त्याच रात्री ठाण्यात माणूस हजर पाहिजे. अटकेच्या कागदावर घरच्याची किंवा परिसरातल्या 'प्रतिष्ठित' व्यक्तीची सही साक्षीदार म्हणून लागते. आता प्रतिष्ठित म्हणजे कोण, ते कायद्यात लिहिलेलं नाही. आपली भाजी विकणारी मावशी प्रतिष्ठित. तिनं सही करायची. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलं की नाही हे वहीत लिहायचं. पोरानं खरंच चोरी केली असली तरीही. चोरी केली म्हणून त्याच्या तळपायावर पट्टा मारायचा अधिकार कुणाला मिळत नाही.

आणि चौथं, जे आपल्याला सगळ्यात जड जाणार. घरातला गुन्हा. गल्लीतल्या चोराच्या मागं धावणारी आपली पोरं शेजारच्या खोलीत बाईला बदडण्याचा आवाज आला की मोबाईलचा आवाज वाढवतात. 'नवराबायकोचा मामला.' कस्तुरबानगरच्या कड्या आणि ह्या कड्या एकाच लोखंडाच्या आहेत. दार वाजवा. काही बोलू नका हवं तर, साखर मागा, पण वाजवा. परवान्याचं दारूचं दुकान बायांनी मतदानात आडवी बाटली करून बंद पाडण्याचा नियम राज्यात २००८ पासून आहे. हातभट्टीला मात्र मतदान लागत नाही, तिथं वही आणि वीस बाया लागतात. तिथं पोरांनी पुढं होऊन हिरो बनू नये. मागं उभं राहावं, तेही मजबूत.

ह्यावर दोस्त म्हणतील, ही सुधारणावादी कामं आहेत, आपण काय समाजसेवक आहोत का? दोस्ता, ज्या वस्तीत बाया अंधार पडल्यावर बाहेर पडू शकत नाहीत त्या वस्तीत तू संध्याकाळची सभा घेणार आहेस. ऐकायला येणार कोण?

आता एक गोष्ट जी बोलली तर आपलेच लोक चिडतील. जयंतीची वर्गणी. चौदा एप्रिलच्या मांडवाला मटक्याच्या अड्ड्यावरून, हातभट्टीवाल्याकडून, त्या 'भाई'कडून मोठी रक्कम येते. त्याचा फोटो बॅनरवर, बाबासाहेबांच्या फोटोएवढाच मोठा. तो स्टेजवर हार घालतो आणि वस्तीतल्या प्रत्येकाला कळतं की ह्याच्याविरुद्ध आता बोलायचं नाही. वर्षभराची गप्प बसण्याची किंमत त्यानं एकरकमी भरलेली असते, पावतीसकट. डीजे छोटा लावा, मिरवणूक गल्लीपुरती काढा, पण ती पावती फाडू नका.

बाकी संघटना आपल्याकडं तयारच आहे. जयंतीच्या मंडळाकडं प्रत्येक घराची यादी असते, कोण कुठल्या शिफ्टला जातं हे माहीत असतं, मांडवाला रात्री जागायला पोरांच्या पाळ्या लागतात, आणि दहा दिवसांत दीडशे घरं फिरून होतात. पंधरा एप्रिलला मांडव उतरतो तेव्हा ती यादी मंडळाच्या पेटीत टाकून कुलूप लावतात. ह्या वर्षी ती बाहेर ठेवा. पाळ्या तशाच चालू ठेवा, त्यात बायांची नावं वर घाला, आणि पहिल्या आठवड्यात त्यांना विचारून अंधाऱ्या जागा लिहून काढा.